वर्ग सुटल्यावरची वही : काय करावं, काय टाळावं

बडोद्याच्या शाळांत शिक्षकाला लिहिणं काही कमी नाही. हजेरीपत्रक, दैनिक नोंधपोथी, चाचण्यांच्या गुणांचे तक्ते, पोर्टलवर भरायची माहिती, परिपत्रकांची उत्तरं. हे सगळं दुसऱ्या कुणीतरी पाहावं म्हणून लिहायचं असतं. आज तिसऱ्या तासाला वर्ग हातातून का निसटला, जूनपासून तोंड न उघडलेल्या मुलीनं आज एकदम हात का वर केला, याला यांतल्या एकाही कागदावर जागा नसते. शिक्षक शिकतो तो मात्र अशाच गोष्टींतून, आणि त्या लिहून ठेवल्या नाहीत तर दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेपर्यंत विसरून जातात.

शिक्षकानं शिकत राहावं हा विचार या गावाला नवा नाही. सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि १९०६ मध्ये ते सबंध संस्थानाला लागू केलं. आधी एका तालुक्यात करून पाहिलं, तेरा वर्षांचा अनुभव गाठीला बांधला, मग पुढचं पाऊल टाकलं. १९३५ मध्ये इथे माध्यमिक शिक्षकांसाठी प्रशिक्षण महाविद्यालय निघालं. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची आजची शिक्षण व मानसशास्त्र विद्याशाखा त्यातूनच वाढली. देशभरातल्या शिक्षण-संशोधनाचा पहिला मोठा आढावा १९७४ मध्ये निघाला तोही इथूनच, प्रा. एम. बी. बुच यांच्या संपादनाखाली. आणखी एक धागा मला फार मोलाचा वाटतो. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांना शिकवणाऱ्यांत जॉन ड्युई होते. ड्युईंचं ‘हाऊ वी थिंक’ हे पुस्तक १९१० मध्ये आलं होतं. अडचण आली की थांबायचं, ती नेमकी कुठे आहे ते शोधायचं, उपाय सुचवायचा, तो करून पाहायचा, असा विचाराचा क्रम त्यात आहे. शिक्षकानं स्वतःच्या कामाकडे वळून पाहावं, असं आज जे जगभर बोललं जातं, त्याच्या मुळाशी हेच पुस्तक आहे.

पुढच्या सूचना त्या वळून पाहण्यासाठीच्या वहीबद्दल आहेत. प्राथमिक शाळेतले शिक्षक डोळ्यांसमोर ठेवून त्या लिहिल्या आहेत. इतरांनी सोयीप्रमाणे फेरफार करावेत.

काय करावं

दफ्तरी वही आणि आपली वही वेगळी ठेवा. स्कॉटलंडमध्ये शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी नियमच होता की शाळेच्या लॉगबुकात मुख्याध्यापकानं स्वतःची मतं किंवा विचार लिहू नयेत. ए. एस. नील नावाच्या तरुण मुख्याध्यापकानं मग आपली निराळी वही घातली. तिचंच १९१५ मध्ये ‘अ डॉमिनीज लॉग’ हे पुस्तक झालं. पुढे ज्या समरहिल शाळेमुळे नील जगाला माहीत झाले, तिच्यामागच्या बऱ्याच शंका त्या वहीत आधीच आहेत. आपल्या नोंधपोथीवर साहेबांची सही होते, म्हणून तिच्यात आपण ‘घटक पूर्ण’ असं लिहितो. घटक पूर्ण झाला तरी निम्म्या वर्गाला कळला नाही, हे दुसऱ्या वहीत लिहायचं. ही दुसरी वही कुणी मागणार नाही, याची स्वतःला खात्री असली पाहिजे. ती खात्री नसेल तर हातून खरं उतरत नाही.

शाळेचं फाटक ओलांडण्याआधी लिहा. घरी गेल्यावर स्वयंपाक, दूध, मुलांचा अभ्यास सुरू होतो आणि प्रसंगाची धार जाते. दहा मिनिटं पुरतात. दोन पाळ्यांच्या शाळेत वर्ग लगेच रिकामा करावा लागतो, तिथे ओसरीवर किंवा झाडाखालच्या ओट्यावर बसा. तेही जमत नसेल तर फोनवर दोन मिनिटं बोलून ठेवा आणि शनिवारी त्यावरून लिहून काढा. रोज जमलं नाही तरी चालेल. आठवड्यातून दोन दिवस, पण ठरलेले दोन दिवस.

एकच प्रसंग घ्या आणि जवळून लिहा. सगळ्यात महत्त्वाची सूचना ही, म्हणून जरा सविस्तर सांगते. बहुतेक वह्यांत अशा नोंदी असतात: ‘आज चौथीला भागाकार घेतला. मुलांचा प्रतिसाद चांगला होता. काही मुलांना अजून सराव हवा.’ यात खोटं काही नाही, पण यावरून उद्या काय करायचं ते कळत नाही. आता तोच तास दुसऱ्या तऱ्हेनं:

‘६१२ ला ६ ने भागायला दिलं. खिडकीकडच्या रांगेतल्या पाच जणांचं उत्तर १२. एकीला विचारलं, कसं केलंस? म्हणाली, “सहा एके सहा. मग एकाला भाग जात नाही, म्हणून दोन खाली घेतला. सहा दुणे बारा.” शून्य लिहायचं राहिलं. मी फळ्यावर शून्य लिहून दाखवलं, सगळ्यांनी माना डोलावल्या. पुढचं ८२४ भागिले ८ दिलं. त्याच पाच जणांचं उत्तर १३.’

ही नोंद करणाऱ्या शिक्षिकेला दोन गोष्टी आपोआप दिसतात. मुलांचे पाढे पक्के आहेत, तेव्हा ‘सराव हवा’ हे निदान चुकलं. आणि फळ्यावर दाखवल्यानं काही हललं नाही. अडचण स्थानिक किमतीत आहे: ६१२ मधला ६ त्या मुलांना सहाशे वाटतच नाही, नुसता सहा वाटतो. मग नोंदीखाली एक ओळ येते: ‘उद्या भाग लावायच्या आधी अंदाज विचारायचा. ६०० रुपये सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला किती? शंभर. मग ६१२ वाटल्यावर बारा कसे येतील?’ या एका ओळीसाठी वहीचा सगळा खटाटोप आहे.

पाहिलेलं आणि वाटलेलं वेगवेगळ्या पानांवर लिहा. डाव्या पानावर जे डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं ते. उजव्या पानावर आपला अर्थ, राग, शंका, अंदाज. ‘मुलं कंटाळली होती’ हा अर्थ झाला. ‘मागच्या दोन बाकांवरची मुलं बाहेर पाहत होती, एकानं पेनचं झाकण चारदा पाडलं’ हे निरीक्षण. जागेवर जाऊन पाहायचं आणि पाहिलेलं लिहून ठेवायचं, याचं या मातीतलं उदाहरण मोठं आहे. १८९९-१९०० च्या छप्पनिया दुष्काळात सयाजीराव आपल्या मुलखात फिरले. त्या फिरतीची त्यांची टिपणं १९०१ मध्ये ‘नोट्स ऑन द फॅमिन टूर’ या नावानं छापली गेली. राजाला जे करावंसं वाटलं ते वर्गाच्या धन्यालाही करता येईल.

मुलाचं वाक्य त्याच्याच शब्दांत उतरवा. बडोद्याच्या वर्गात घरी मराठी, गल्लीत गुजराती आणि टीव्हीवर हिंदी ऐकणारी मुलं असतात. आपण नोंद करताना त्यांचं बोलणं शुद्ध करून लिहितो आणि नेमकी खूण पुसतो. मराठी शाळेतल्या एका मुलाच्या शुद्धलेखनात अर्ध्या पानानंतर शिरोरेषा गळायला लागायची. ‘निष्काळजी’ असा शेरा देऊन हे प्रकरण संपलं असतं. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, “गुजरातीत तर लाइन नसते ने?” हे वाक्य ‘ने’सकट वहीत उतरलं म्हणून पुढचा विचार झाला. मूल दोन लिप्या एकाच वेळी सांभाळत होतं आणि दमलं की हात सोप्या लिपीकडे वळत होता. मग बाईंनी शुद्धलेखन लहान केलं आणि दोन्ही लिप्यांतली अक्षरं शेजारी शेजारी लिहून फरक मुलांनाच शोधायला लावला.

कधी कधी स्वतःला मोजा. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञान-शिक्षण अभ्यासिकेनं वर्गांतली ध्वनिमुद्रणं ऐकून दाखवून दिलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तेवढ्यात उत्तर आलं नाही की स्वतःच बोलतात किंवा दुसऱ्या मुलाकडे वळतात. हा अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेला तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं आणि एरवी मागे राहणारी मुलं बोलायला लागली. तिचा हा लेख १९७४ चा. फोन टेबलावर ठेवून आपला एक तास ध्वनिमुद्रित करा, घरी ऐका, थांबलेले सेकंद मोजा आणि वहीत आकडा लिहा. कोणाला किती वेळा विचारलं, मुलींना किती, पहिल्या बाकाला किती, हेही असंच मोजता येतं. ऐकून झालं की ध्वनिमुद्रण पुसून टाका.

चांगला गेलेला तासही लिहा. बिघडलेल्या तासाचं कारण शोधायची सवय असते, जमलेल्या तासाचं कारण शोधायचं राहून जातं. मग तो तास पुन्हा जमवता येत नाही.

वहीतला प्रश्न वर्गात न्या. लिहून झालं की काम झालं असं वाटतं, ते खरं नाही. प्रत्येक नोंदीच्या शेवटी उद्या करून पाहायची एक लहान गोष्ट लिहा आणि केल्यावर त्याखाली काय झालं ते लिहा. आपल्याकडे याचं सर्वांत लखलखीत उदाहरण ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचं. ताराबाई भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती बालमंदिरात काम करून आल्या होत्या. १९४५ मध्ये त्यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं केंद्र काढलं आणि अनुताई त्यांना येऊन मिळाल्या. आदिवासी मुलं शाळेत येत नाहीत, याला ‘पालकांना शिक्षणाचं महत्त्व कळत नाही’ असं उत्तर देता आलं असतं. त्या दोघींनी मुलं दिवसभर असतात कुठे ते पाहिलं. लहानगी घराच्या अंगणात होती आणि थोडी मोठी गुरांमागे रानात. म्हणून अंगणात भरणारी अंगणवाडी आली आणि गुरं चरतात तिथे भरणारी कुरणशाळा आली. प्रश्न ‘मुलं का येत नाहीत’ वरून ‘आपण कुठे जायला हवं’ यावर आला. वहीतल्या चिंतनाची कसोटी हीच: प्रश्न बदलला का?

मागची पानं वाचायला वेळ राखून ठेवा. दिवाळीची सुट्टी त्यासाठी फार चांगली. पहिल्या सत्राची पानं सलग वाचली की काही मुलं पुन्हा पुन्हा दिसतात आणि काही मुलं एकदाही दिसत नाहीत. हजेरीपत्रक शेजारी घेऊन, वहीत एकदाही न आलेल्या मुलांची यादी करा. ती ना हुशार म्हणून लक्षात राहिलेली असतात, ना त्रास देतात म्हणून. दुसऱ्या सत्राच्या पहिल्या महिन्यात रोज त्यांतल्या एकाकडे लक्ष द्यायचं. ही एक गोष्ट केली तरी वही सार्थकी लागली, असं मी म्हणेन.

तीन-चार जणांना वाचून दाखवा. एकट्यानं लिहिताना आपणच आपल्याला पटवत राहतो. महिन्यातून एकदा तिघा-चौघांनी जमावं: कुणाच्या घरी, शाळा सुटल्यावर वर्गात, नाहीतर कमाटीबागेत बाकावर. एकच शाळा, एकच माध्यम असण्याची गरज नाही. मराठी आणि गुजराती शाळेतली शिक्षकमंडळी एकत्र आली तर उलट जास्त दिसतं. गिजुभाई आणि ताराबाईंनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ काढला आणि ‘शिक्षणपत्रिका’ गुजरातीत आणि मराठीत चालवली, तेव्हा त्यांनी या दोन भाषांतल्या शिक्षकांना एकमेकांशी बोलतंच केलं होतं.

वाचताना एक शिस्त पाळा. वाचणाऱ्यानं एक पान वाचावं. ऐकणाऱ्यांनी आधी फक्त प्रश्न विचारावेत: तेव्हा मूल काय म्हणालं, तुम्ही कुठे उभे होतात, त्याआधी काय झालं होतं. ‘मी असते तर असं केलं असतं’ हे वाक्य शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा. जपानमध्ये शिक्षक एकत्र बसून एकच पाठ आखतात, एकजण तो शिकवतो, बाकीचे वर्गात मागे बसून शिकवणाऱ्यापेक्षा मुलांकडे जास्त पाहतात आणि नंतर त्या पाठावर बोलतात. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही पद्धत आपल्याला जशीच्या तशी जमणार नाही, पण एकमेकांच्या वर्गात महिन्यातून एक तास बसणं जमू शकतं.

ज्या भाषेत भांडता, त्या भाषेत लिहा. प्रशिक्षणातली भाषा वहीत आणली की प्रसंग हरवतो. ‘अध्ययन निष्पत्ती साध्य झाली नाही’ यापेक्षा ‘पोरांना कळलंच नाही’ हे जास्त उपयोगाचं. मराठीत लिहिताना गुजराती शब्द आले तर येऊ द्यावेत, बडोद्याची मराठी तशीच आहे.

शिक्षकांनी लिहिलेलं वाचा. गिजुभाईंचं ‘दिवास्वप्न’ हे कल्पित कथन आहे, पण चौथीचा वर्ग प्रयोगासाठी मागून घेणाऱ्या त्यातल्या शिक्षकाची फजिती आणि जिद्द आपल्या ओळखीची वाटते. पहिल्या दिवशी ठरवून नेलेला बेत कोसळतो आणि तो दुसऱ्या दिवसाचा बेत नव्यानं करतो, हा भाग प्रत्येक नव्या शिक्षकानं वाचावा. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ आणि कोल्हापूरच्या सृजन आनंद विद्यालयाच्या अनुभवांतून उतरलेलं लीला पाटील यांचं लेखन ही मराठीतली ठेव आहे. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जाऊन शोधा. अमेरिकेतून आलेल्या विल्यम बोर्डन यांच्या हातून १९१० पासून बडोद्यात जी ग्रंथालय चळवळ उभी राहिली तिचं ते घर आहे, आणि शिक्षकांची पावलं तिथे अजून जास्त पडायला हवीत.

काय टाळावं

मुलांची खरी नावं लिहिणं टाळा. वही बसमध्ये विसरते, रिक्षात राहते, घरी पाहुण्यांच्या हाती लागते. खूण ठरवा: ‘निळी बाटली’, ‘तिसरा बाक’. ज्याला फक्त तुम्ही ओळखाल असं काहीही चालेल, मात्र व्यंग, रंग, जात, वडिलांचा धंदा यावरून खूण करू नका. नोंद दुसऱ्यांना वाचून दाखवताना गल्लीचं, सोसायटीचं नावही गाळा.

मुलांचे फोटो आणि पानं व्हॉट्सॲपच्या गटांत टाकणं तर नक्कीच टाळा. एकदा गेलेला फोटो परत येत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि मुलाच्या माहितीसाठी पालकांची संमती मागितली आहे. मुलाची चुकलेली वही दाखवायची असेल तर नाव झाकून, कागदावर दाखवा. चूक चर्चेसाठी असते, गावभर फिरवण्यासाठी नसते.

गंभीर गोष्ट वहीत लिहून स्वस्थ बसू नका. मुलाच्या बोलण्यातून, चित्रातून, अंगावरच्या वळांतून अत्याचाराची शंका आली तर ती चिंतनाची बाब राहत नाही. लैंगिक अत्याचाराची माहिती वा शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा आहे. मुलांसाठीची मदतवाहिनी १०९८. मुलाला खोदून खोदून विचारू नका, जे त्यानं आपणहून सांगितलं ते त्याच्या शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहा आणि लगेच पुढे कळवा.

राहिलेली पानं एकदम भरून काढू नका. पंधरा दिवस लिहिणं झालं नाही तर झालं नाही. आजची तारीख घाला आणि आजचं लिहा. मागच्या तारखा घालून भरलेलं पान म्हणजे नोंधपोथीचाच प्रकार झाला, आणि तो एक पुरे आहे.

सुविचार लिहू नका. ‘मुलं ही देवाघरची फुलं’, ‘शिक्षक हा राष्ट्राचा शिल्पकार’. वाक्यं सुंदर असतील, पण ती आली की प्रसंग संपतो. पान भरतं आणि भागाकार तिथेच राहतो.

खापर फोडून थांबू नका. ‘पालक लक्ष देत नाहीत’, ‘खालच्या वर्गात पाया कच्चा राहिला’, ‘मोबाइलनं वाट लावली’. यांतलं बरंच खरं असेल. पण या वाक्यानंतर करण्यासारखं काही उरत नाही, म्हणून त्यापुढे एक प्रश्न जबरदस्तीनं लिहा: माझ्या चाळीस मिनिटांत यातलं काय बदलू शकतं?

इथे एक गोष्ट मात्र ठामपणे सांगायला हवी. चिंतनाच्या नावाखाली व्यवस्थेचे दोष शिक्षकानं स्वतःच्या माथी घेऊ नयेत. वर्गात मुलं दाटीवाटीनं बसलेली आहेत, ऐन परीक्षेच्या आधी सर्वेक्षणाचं काम लागलं, दोन इयत्ता एकाच खोलीत आहेत, हे वास्तव आहे आणि ते तारखेसकट लिहिलंच पाहिजे. त्यासाठी वहीच्या मागच्या बाजूला वेगळी पानं राखा. शाळा व्यवस्थापन समितीपुढे, संघटनेत, अधिकाऱ्यांपुढे बोलताना ही पानं कामी येतात. ‘फार कामं लागतात’ असं म्हणण्यापेक्षा कोणत्या आठवड्यात किती तास वर्गाबाहेर गेले ते सांगता आलं तर समोरच्याला उत्तर द्यावं लागतं.

रोज स्वतःला कोसू नका. हळवी माणसं वही म्हणजे कबुलीजबाब समजतात. ‘आज पुन्हा ओरडले, मी वाईट शिक्षिका आहे.’ यातून पुढच्या दिवसासाठी काही मिळत नाही, फक्त मन खचतं. कधी ओरडले, त्याआधी काय झालं, कितवा तास होता, पोटात काही होतं का, हे लिहा. शेवटच्या तासाचं ओरडणं आणि पहिल्या तासाचं ओरडणं यांची कारणं वेगळी असतात आणि उपायही.

एका प्रसंगावरून मुलावर शिक्का मारू नका. नवरात्रीत गरबा पाहून मध्यरात्री झोपलेलं मूल सकाळी पेंगतं, ते आळशी ठरत नाही. २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं तेव्हा अनेक मुलांची दप्तरं, पुस्तकं, गाद्या गेल्या. त्या सप्टेंबरातला ‘गृहपाठ नाही’ हा शेरा आणि एरवीचा शेरा एक नसतो. ‘नेहमीच असं करतो’ असं लिहावंसं वाटलं की तारखा शोधा. तीन तारखा सापडल्या नाहीत तर ‘नेहमी’ खोडा.

सहकाऱ्यांची उणीदुणी काढू नका. मन मोकळं करायला मैत्रीण असते. वही तुमच्या वर्गाची आहे.

उसनं चिंतन टाळा. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं झालं आणि छात्रसेवाकाळात प्रत्येकानं चिंतनाची नोंदवही ठेवायची प्रथा आली. हेतू चांगला होता. व्हायचं ते झालं: मागच्या वर्षीच्या वह्या हातोहात फिरायला लागल्या, आणि आता तर यंत्राला सांगितलं की पानंच्या पानं तयार मिळतात. अशा पानांतला वर्ग कुठल्याच गावचा नसतो. ज्यांना नोकरीला लागून दोन-चार वर्षं झाली आहेत त्यांना मनापासून सांगणं आहे की बी.एड.ची ती वही विसरा. तिचा धसका घेऊन ही वही नाकारू नका.

सजावट, रकाने, ठरीव नमुना टाळा. तारीख, इयत्ता, तास. बाकी कोरं पान.

मुख्याध्यापक आणि प्रशिक्षकांनी

वही तपासायला मागू नका. सही नको, शेरा नको, गुण नकोत, ‘उत्कृष्ट चिंतन’ म्हणून बक्षीसही नको. ज्या दिवशी वहीवर पहिली सही होते, त्या दिवसापासून तिच्यात सगळे तास यशस्वी व्हायला लागतात. शिक्षक लिहितात की नाही हे पाहायचंच असेल तर वर्गात नवं काही करून पाहणारी माणसं वाढली का, ते पाहा.

वेळ द्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी मिळावेत असं म्हटलं आहे. हे तास सभागृहात बसून पडद्यावरच्या सरकत्या चित्रांकडे पाहण्यात किंवा घरी ऑनलाइन कोर्सचे व्हिडिओ चालू ठेवण्यातच जायला हवेत असं नाही. त्यांतले थोडे तास शाळेतच, शाळेच्या वेळात, चार शिक्षकांनी एकमेकांची पानं ऐकण्यासाठी राखता येतात. त्यासाठी परिपत्रकाची वाट पाहू नये.

आधी स्वतः वाचून दाखवा. आपल्याला न जमलेल्या तासाचं पान मुख्याध्यापकांनीच पहिल्यांदा शिक्षकखोलीत वाचलं तर बाकीच्यांची भीड चेपते. कुणी वाचायला तयार नसेल तर आग्रह नको, ऐकायला बसू द्या.

आणि महिन्याच्या बैठकीत हे वाचन शेवटी ठेवू नका. शेवटी ठेवलं की पोर्टल, परिपत्रकं आणि प्रवेशोत्सवाच्या तयारीत वेळ संपतो. पहिली वीस मिनिटं एका पानाला द्या, परिपत्रकं त्यानंतर काढा.